नाताळची सुट्टी, संक्रांतीचं तिकीट

जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. बऱ्याच कंपन्या ३० देतात. पुण्या-मुंबईत कुणाला हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, मजा आहे बुवा तुमची! लग्न होईपर्यंत ती असतेही. लग्न झालं की त्या ३० दिवसांवर दोन गावं, दोन आया, चार-पाच लग्नकार्यं आणि एखादी आजी हक्क सांगायला लागते, आणि ऑक्टोबरात विमानाच्या तिकिटांचे भाव बघताना घरात पहिलं मोठं भांडण होतं.

मी म्युनिकमध्ये पुष्कळ वर्षं राहते. इथली मराठी मुलं मला काकू म्हणतात आणि आपली भांडणं माझ्या स्वयंपाकघरात आणून मांडतात. बाजू कुणाची घ्यायची नाही, हा माझा नियम. तो मी दर वेळी पाळतेच असं नाही. खालचा संवाद अशाच अनेक बैठकांतून जुळवलेला आहे. तो कुडाळकडचा, ती सोलापूरची. लग्न मे महिन्यातलं, म्हणजे दोघांचा मिळून हा पहिलाच हिवाळा. नावं देत नाही. नाव दिलं की त्या नावाचं कुणीतरी निघतंच आणि मला फोन येतो.

तो : यात ठरवायचं काय आहे? नाताळ ते नवं वर्ष आमची कंपनी बंद. ते दिवस माझ्या रजेतून कापले जाणारच. इथे रजई पांघरून बसण्यापेक्षा कुडाळला जाऊ.

ती : बंद तुझी कंपनी असते. माझी चालू असते.

तो : मग तू रजा टाक.

ती : टाकते की. पण कशासाठी टाकायची तेवढं सांग.

तो : कशासाठी म्हणजे? घरी जायला. आईने लग्नानंतर आपल्याला पाहिलंय कुठे? सत्यनारायण झाला, देवदर्शनं झाली आणि आपण विमानात. दर फोनला तिचा एकच प्रश्न, ‘झिला, यंदा जत्रेक येतलंस मां?’

ती : जत्रा कधी आहे?

तो : मार्गशीर्षात.

ती : तारीख?

इथे तो गप्प झाला. दक्षिण कोकणातल्या जत्रा तिथीने येतात. कार्तिक-मार्गशीर्षात एकेका गावच्या देवाची रात्र ठरलेली असते आणि दशावताराच्या मंडळ्या आपले पेटारे घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी हिंडत असतात. दिवसभर ओट्या भरल्या जातात, रात्री पालखी देवळाभोवती फिरते, मग कधीतरी संकासुर येऊन पोरांना घाबरवतो आणि हसवतो. पुढे आख्यान रंगतं, राण्यांची आणि सख्यांची कामंही पुरुषच करतात, आणि उजाडता उजाडता दहीकाला होऊन मंडळी घरी जातात. देवळाबाहेर आल्याच्या वासाचं, गुळातलं खाजं विकायला असतं. आजीच्या मांडीवर पेंगत ज्याने हे पाहिलंय त्याला डिसेंबर म्हटलं की हेच आठवणार. पण ती तिथी इंग्रजी महिन्यात मागेपुढे सरकते, आणि त्याच्या कंपनीला कुलूप मात्र २४ डिसेंबरलाच लागतं. तिने मोबाइलवर पंचांग काढलं. जत्रा सुट्टीच्या कितीतरी आधी होऊन जात होती.

ती : म्हणजे आपण पोचू तेव्हा मांडवसुद्धा सुटलेला असेल.

तो : जत्रा नसली तरी घर आहे ना?

ती : आहे. पण त्या आठवड्यात त्या घरात कोण कोण असेल? तुझ्या आत्या, त्यांची मुलं, मुलांचे मित्र. नाताळात अर्धी मुंबई मडगावच्या गाडीत बसलेली असते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि सुटल्यासुटल्या संपतं. मग रात्रीची बस, आणि महामार्गावर गोव्याला निघालेल्या गाड्यांची रांग.

तो : मोप्याला विमानाने उतरू.

ती : नाताळात गोव्याचं तिकीट? भाव तूच बघ आणि तूच सांग.

तो : पैशाचं सोड गं.

ती : सोडलं. दिवसांचं बोलू. दहा दिवस मिळाले असं धर. येण्याजाण्यात दोन गेले. कुडाळहून सोलापूर म्हणजे आणखी एक. उरले सात. कुडाळला किती राहायचं?

तो : पाच तरी.

ती : आणि माझ्या आईकडे दोन.

तो : पहिलं वर्ष आहे ना! सासरी जरा जास्त राहायला हवं, लोक बघायला येतात…

ती : पहिलं वर्ष माझ्या आईचंही आहे.

मी चहाचं आधण ठेवायला उठले. माणूस वाईट नाही. बायको उशिरा आली तर भात लावून ठेवणारा, कचऱ्याचे चार डबे वेगवेगळे करणारा मुलगा आहे. पण त्याने हे दिवस कधी मोजलेच नव्हते. मुलग्यांना ते मोजावे लागत नाहीत. त्यांचं घर जिथे होतं तिथेच राहतं. मुलीला मात्र लग्नानंतर आईकडच्या रात्री मागून घ्याव्या लागतात, मग ती म्युनिकला इंजिनिअर असो नाहीतर मोहोळला शिक्षिका. चहा येईपर्यंत तो सावरला होता, आणि पुढचा मुद्दा त्याने असा काढला की मला तरी तो बिनतोड वाटला.

तो : बरं, नाही गेलो. इथे काय करायचं? तुला इथला नाताळ आवडतो. ते दिवे, तो बाजार, ते गरम वाइनचे मग.

ती : आवडतो. मारियनप्लाट्झवर गेले की मला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आल्यासारखं वाटतं. थंडी, गर्दी, खाण्याचे वास, पोरांचा हट्ट. फक्त इथे मगाची अनामत परत मिळते.

तो : पण इथली माणसं नाताळात करतात काय? घरी जातात! आमच्या टीममध्ये एकही मूळचा म्युनिकचा नाही. एक हॅम्बुर्गचा, एक ड्रेस्डेनकडचा, एक पार ऑस्ट्रियातला. २३ तारखेला सगळे बॅगा घेऊन स्टेशनवर. कुठे चाललात? आईवडिलांकडे. यांच्याकडून काही घ्यायचंच असेल तर हे घे. दिवे कसले घेतेस?

ती : ते फार तर सहा तासांत पोचतात. दोन रात्री राहतात आणि परत येतात. ईस्टरला पुन्हा जातात, आईच्या वाढदिवसाला जातात. आपल्याला वर्षातून एकदाच जायचंय. वर्षातून एकदा जाणाऱ्याने सगळ्या जगाबरोबर का निघायचं?

तो : कारण इथली २४ डिसेंबरची संध्याकाळ तू पाहिलेली नाहीस. मी पाहिलीय. लग्नाआधी, एकट्याने.

त्याने सांगितलं ते खरं आहे. जर्मनीत त्या दिवशी दुपारी दोनला दुकानं बंद होतात, तसा कायदाच आहे. ज्या बाजाराचे फोटो आपण नातेवाइकांना पाठवतो तो मारियनप्लाट्झचा बाजारही त्याच दुपारी आवरतात. नाताळ पाहायला म्हणून ऐन २५ तारखेला येणारे पाहुणे रिकामा चौक बघून चक्रावतात. २५ आणि २६, दोन्ही दिवस सुट्टी. त्याला रविवार जोडून आला तर स्टेशनातलं एखादं दुकान सोडून दूध कुठे मिळत नाही. साडेचारच्या आत सूर्य बुडालेला असतो. बर्फाचं म्हणाल तर पुष्कळ नाताळांना तो नसतोच, नुसता पाऊस. खिडक्या-खिडक्यांत उजेड असतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

तो : फोन करावा म्हटलं तर हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर. उन्हाळ्यात साडेतीन असतं, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे केली की घर आणखी एक तास लांब जातं. इथे रात्रीचे आठ वाजले होते, तिथे साडेबारा. आई कधीच झोपलेली. मी भात आणि लोणचं खाल्लं आणि टीव्ही लावला. मला ते पुन्हा करायचं नाही.

ती : पण तेव्हा तू एकटा होतास.

तो : आता दोघं एकटे असू.

ती : का? काकू आहेत. ऑफिसातली ती इराणची मुलगी आहे. तिचं घर तर आपल्यापेक्षा दुरावलेलं, तिला सहज जाताही येत नाही. तिने २० तारखेच्या रात्री यल्दाला बोलावलंय. वर्षातली सर्वांत मोठी रात्र. डाळिंब, कलिंगड, आणि हाफिजचं पुस्तक उघडून कौल घ्यायचा. खालच्या मजल्यावरची केरळची नर्स २४ ला रात्रपाळीला आहे आणि २५ ला दुपारी मोकळी. ती ख्रिस्ती, तिचा खरा सण, आणि ती एकटी जेवणार. तिला बोलवू.

तो : छान आहे. पण ते आपले लोक नव्हेत ना.

ती : लग्नाआधीची माझी रूममेट आपली होती का? पहिल्या दिवशी तिला मी घाबरत होते. आपल्या लग्नात ती नऊवारी नेसून नाचली. अरे, जेवायला बोलावल्याशिवाय कोण आपलं होणार हे कळतं का?

तो : तू माणसं जमवण्याचं बोलतेयस. मी माझ्या माणसांचं बोलतोय.

ती : आणि मी आपल्या घराचं बोलतेय. अजून ते झालेलंच नाही. मे महिन्यापासून बघ. आधी लग्न, मग व्हिसा, मग सामान, मग तुझे मित्र, मग गणपतीला मंडळ, दिवाळीला मंडळ. आपण दोघांनी मिळून, कुणी न सांगता, ठरवून केलेला एकतरी दिवस आहे का? मला एक हिवाळा हवाय ज्यात आपण कुणाचे पाहुणे नाही. सकाळी आठला उजाडतं तेव्हा उठायचं. भाकरी करायची. ती इंडक्शनवर फुगत नाही म्हणून भांडायचं. धूर झाला की छतावरचा अलार्म ओरडेल, तू स्टुलावर चढून तो बंद करशील.

हे ऐकून तो हसला, पण पटलं म्हणून नाही. पिढीचा फरक इथे दिसतो असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. आमच्या वेळीही कुणी तरी असंच म्हणत असे, फक्त आम्हाला दर वर्षी जाणं परवडतच नव्हतं, त्यामुळे भांडण व्हायचं नाही. राहायचं की जायचं हे बँक ठरवायची. आता भाडं परवडतं, म्हणून कारण द्यावं लागतं.

आणि घर करायला निमित्त लागतं हे तिचं म्हणणं नवं नाहीच. इथे नाताळाआधी घरोघरी चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं ठेवतात, दर रविवारी एक मेणबत्ती पेटवतात. ही चाल फार जुनी, थेट येशूच्या काळची असेल असं मला कितीतरी वर्षं वाटे. ती निघाली १८३९मध्ये, हॅम्बुर्गमध्ये. योहान विखर्न नावाचा पाद्री निराधार मुलांचं घर चालवत होता. नाताळ कधी येणार म्हणून मुलं त्याला रोज विचारत. त्याने गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांच्या चार मोठ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. ज्यांना जायला घर नव्हतं त्यांच्यासाठी केलेली सोय आज घर असलेल्या प्रत्येक जर्मनाच्या टेबलावर आहे. मी हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. तो म्हणाला, काकू, तुम्ही तिच्या बाजूने बोलताय. बोलत होतेच.

तो : काकू, तुम्ही ३१ ला टीव्हीवर तो जुना इंग्रजी प्रयोग बघता ना? ‘डिनर फॉर वन’?

इथल्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. १९६३मध्ये जर्मन वाहिनीने चित्रित केलेलं, वीस मिनिटांच्या आतलं हे विनोदी नाटुकलं आहे, इंग्रजीत. आणि ३१ डिसेंबरला सगळा जर्मनी ते बघतो. मिस सोफीचा ९०वा वाढदिवस. टेबलावर चार मित्रांची पानं मांडलेली. चौघेही केव्हाच वारलेले. बटलर जेम्स प्रत्येक रिकाम्या खुर्चीजवळ जातो, त्या त्या पाहुण्याच्या वतीने बोलतो, त्याच्या वाटचं पितो, आणि मग वाघाच्या कातड्याच्या मुंडक्याला अडखळत राहतो. हसून पोट दुखतं.

तो : आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल तसाच असतो. आई फोन हातात घेऊन घरभर फिरते. ही बघ आजी. हे बघ बाबा. हा बघ मोती. आणि सगळ्यांच्या वतीने तीच बोलते. आजी माझ्याकडे बघते, पण तिला ऐकू येत नाही आणि पडद्यावरचं नीट दिसत नाही. ती विचारते, ह्यो कोण? आई सांगते, तुझो नातू. मग ती हात जोडते. मला, स्वतःच्या नातवाला, हात जोडते. मी सणासाठी जात नाहीये. जत्रा गेली तरी चालेल. ती ८८ वर्षांची आहे. तिच्या शेजारी बसलो तर ती ओळखेल मला. हाताला ओळखते ती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. आजीचं नाव निघालं की वाद संपतो असा इथल्या मुलांत संकेतच आहे, आणि काही जण त्याचा गैरफायदाही घेतात. हा घेत नव्हता. पण ती सोलापूरची. रडवेली झाली तरी हिशेब सुटला नाही.

ती : हे तू आधी का नाही सांगितलंस? आजीसाठी जायचं तर डिसेंबरात नकोच जाऊ. त्या गर्दीत तुला तिच्याजवळ बसायला कोण देईल? सकाळी कुणाकडे नाश्ता, दुपारी कुणाकडे जेवण, संध्याकाळी नवी सून बघायला माणसं. पाच दिवसांत तू आजीजवळ पाच तास तरी बसशील का?

तो : मग कधी जाऊ?

ती : जानेवारीत. १ तारखेला नव्या वर्षाची रजा खात्यात येते. ६ ला इथे बव्हेरियात तीन राजांची सुट्टी. त्या सुमाराला इथल्या शाळांची सुट्टी संपते, येणारी-जाणारी माणसं ठिकाणाला लागतात, तिकिटं उतरतात. तुझ्या आत्या मुंबईला परत गेलेल्या असतील. घरात आईबाबा आणि आजी. बस तिच्याशेजारी दिवसभर.

तो : आणि जानेवारीत संक्रांत. आईने हलव्याचे दागिने सांगून ठेवलेत दादरला. हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुटसुद्धा. मला नारळ आणि हार. पहिली संक्रांत तिला चुकवायची नाहीये.

ती : मलाही नाही. काळी साडी मी इथून घेणार नाही, सासूबाईंनीच द्यायची. पण एक आहे.

तो : गड्डा.

ती : गड्डा.

सोलापूरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला धरून येते. आधी शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज पेलत रस्त्याने निघतात. ते काठ्या पेलण्याचं काम सरावाशिवाय जमत नाही, त्याची तयारी आधी कित्येक दिवस चाललेली असते. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्या लग्नाच्या या अक्षता. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली त्या दिवशी आईकडे येतात. कोकणातल्या जत्रेसारखी ही यात्रा पंचांगात शोधावी लागत नाही. सूर्याच्या संक्रमणाला बांधलेली असल्याने ती जानेवारीच्या मध्यावरच येते, एखादा दिवस इकडेतिकडे. पण नेमक्या त्याच दिवशी कुडाळला सासूबाई सुगडं मांडून, हलव्याचे दागिने काढून बसलेल्या असणार.

तो : झालं. म्हणजे पुन्हा दोन गावं आणि एक दिवस.

ती : एक दिवस कसा? संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. सासूबाई १४ लाच करतील असं कुठे आहे? तू विचार. आधी सोलापूर, अक्षता झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुडाळ. मग निवांत, परतेपर्यंत कुडाळलाच. दिवस तुझ्याकडेच जास्त पडतात, बघ मोजून.

तो : आईला काय सांगू? सुनेला पहिल्या संक्रांतीला माहेरी जायचंय म्हणून?

ती : तू असं सांगितलंस तर त्या रागावतीलच. तू सांग, मला सोलापूरचा गड्डा बघायचाय.

तो : मला बघायचाय?

ती : नाही बघायचा?

त्याने थोडा विचार केला. मग विचारलं, तिथे खाजं मिळतं का. तिने सांगितलं, बाकी सगळं मिळतं. एवढ्यावर निम्मं ठरलं. आईवडिलांना डिसेंबरात इकडेच बोलवावं, असाही एक प्रस्ताव मध्ये आला होता, तो कुणी फार ताणला नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, हे सगळं जमण्यासारखं आहे. पण कोकणातल्या माणसाला साडेचारच्या आत सूर्य बुडणाऱ्या गावात, बंद खिडक्यांच्या घरात महिनाभर ठेवणं याला मी पाहुणचार म्हणत नाही. त्यांना मेमध्ये बोलवा. आंबा सोडून यायला ते कुरकुर करतील, तेवढी ऐका.

तो : म्हणजे डिसेंबरात इथे, जानेवारीत तिथे. पण कंपनी बंद म्हणून माझी रजा कापली जाणार ती जाणारच. जानेवारीत मला कमीच दिवस मिळतील.

ती : तू आधी परत ये. मी मागाहून येईन.

तो : तू कुडाळला एकटी राहशील?

ती : आजी असेल की. आणि सासूबाईंकडून मला ते काळ्या वाटाण्याचं सांबारं शिकायचंय. तू समोर असलास की त्या तुलाच वाढत बसतात, मला काही सांगत नाहीत.

यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आनंदाचं होतं की धसक्याचं, हे मला सांगता येणार नाही. नवऱ्याशिवाय सासरी राहायला तयार असलेली सून बघितली की मुलांना थोडी भीती वाटते, आपल्याबद्दल काय काय बोललं जाईल याची. निघताना दोघं परत येतानाच्या सामानावर भांडत होती. तिला आईकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची होती. ती महिनोन्‌महिने टिकते आणि फुटली तरी भाकरीच राहते. त्याला आईचं घरचं तूप हवं होतं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप बाद. या एका मुद्द्यावर सोलापूर निर्विवाद जिंकलं.

माझं मत विचाराल तर तिने बरोबर ठरवलं, आणि त्याने आजीचं सांगितलं नसतं तर ते तिलाही इतकं नीट ठरवता आलं नसतं. नाताळची सुट्टी इथल्या कंपन्यांनी इथल्या लोकांच्या सणासाठी दिलेली असते. ती आयती मिळते म्हणून आपलं वर्षाचं एकुलतं एक जाणं तिच्यावर उधळायचं कारण नाही. दोन्ही घरांत कुठला दिवस सरकवता येतो आणि कुठला नाही, हे आधी विचारून घ्यावं. हळदीकुंकू सरकतं. अक्षता सरकत नाहीत. म्हातारं माणूस तर मुळीच थांबत नाही, आणि त्याच्यासाठी गर्दीतले पाच दिवस काढण्यापेक्षा रिकाम्या घरातले तीन काढलेले बरे.

राहता राहिले तिकडचे आईवडील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. मुलं डिसेंबरात येणार नाहीत असं कळलं की ‘मग सुट्टीत एकटे काय करणार तुम्ही?’ असं विचारू नका, त्याला कुणाकडेच चांगलं उत्तर नसतं. जेवायला कोणाला बोलावलंय ते विचारा, भाकरी फुगली का ते विचारा. आणि २४ डिसेंबरला दुपारी थोडी झोप काढून ठेवा. त्यांच्या रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेबारा झालेले असतात. त्या एका रात्री जागे राहा, आणि फोन तुम्ही करा.